नेलपॉलिश रिमूव्हर निवडताना: ‘ॲसिटोन-फ्री’च्या पुढे काय पाहायचं

‘ॲसिटोन-फ्री’ हा रिमूव्हरच्या बाटलीवरचा सगळ्यात फसवा शब्द आहे. खोटा नाही, फसवा. ॲसिटोन काढलं की त्याच्या जागी दुसरं काहीतरी घालावंच लागतं, कारण सुकलेलं नेलपॉलिश पाण्याने निघत नाही. ते दुसरं काय, हे बाटलीच्या दर्शनी बाजूला कुणी छापत नाही. बाटली फिरवून मागची बारीक अक्षरं वाचली की बहुतेक वेळा इथाइल ॲसिटेट हे नाव सापडतं. ते काही भयंकर नाही, पण ॲसिटोनच्या तुलनेत फार सोज्वळ आहे अशातलाही भाग नाही.

म्हणून रिमूव्हर घेताना ‘यात ॲसिटोन आहे का’ हा पहिला प्रश्न नकोच. पहिला प्रश्न ‘नखावर काय लावलंय’ हा. दुसरा, ‘मी हे कुठे बसून वापरणार’. बाटलीतल्या मजकुराचा नंबर त्यानंतर लागतो. सौम्य म्हणून घेतलेलं रिमूव्हर नखावरच्या थराला पुरं पडलं नाही, तर माणूस तेच तेच घासत बसतो, अर्धी बाटली संपवतो आणि शेवटी नखाने खरवडून काढतो. यात नखाचंही नुकसान आणि नाकाचंही.

नखावर नेमकं काय आहे

साधं नेलपॉलिश म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा पातळ पापुद्रा. पॉलिश लावल्यावर त्यातलं द्रावक (ते पातळ ठेवणारा, विरघळवणारा द्रव) उडून जातं आणि हा पापुद्रा मागे राहतो. त्यात रासायनिक बदल काही होत नाही, ते फक्त सुकतं. त्यामुळे पुन्हा द्रावक लावलं की ते परत विरघळतं. इथे कोणतंही सौम्य रिमूव्हर चालतं, थोडा वेळ दिला की झालं.

जेल पॉलिशचा मामला वेगळा. यूव्ही किंवा एलईडी दिव्याखाली ते घट्ट होतं, म्हणजे त्याच्या रेणूंची एकमेकांत जाळी विणली जाते. ही जाळी कशातच विरघळत नाही. ॲसिटोन तिच्यात शिरतं, ती फुगते आणि नखावरची पकड सुटते, एवढंच. ॲसिटोन-फ्री रिमूव्हरला हे नीट जमत नाही. तेव्हा जेल लावायचं असेल तर ते काढताना ॲसिटोन लागणार, हे लावण्याआधीच मान्य करून टाकलेलं बरं.

डिप पावडर म्हणजे नख रंगीत पावडरीत बुडवून चढवलेला थर; त्यातलं बांधून ठेवणारं द्रव्य म्हणजे सायनोॲक्रिलेट, झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या जातीचं. तेही ॲसिटोननेच सुटतं. ॲक्रिलिक नखांनाही ॲसिटोनच लागतं आणि जेलपेक्षा बराच जास्त वेळ लागतो. नखांची लांबी वाढवायला वापरतात ती कडक बिल्डर जेल तर ॲसिटोनलाही दाद देत नाहीत. ती घासूनच काढावी लागतात, आणि ते काम सवयीच्या हाताकडे द्यावं.

चिकटपट्टीने किंवा गोंदाने बसवलेल्या तयार नखांवर नुसता रंग बदलायचा असेल, तर तिथे मात्र ॲसिटोन-फ्रीच हवं. ही नखं बहुधा एबीएस प्लॅस्टिकची असतात आणि ॲसिटोनमध्ये ती विरघळून चिकट लगदा होतात.

आता कोणतं रिमूव्हर घ्यायचं, याचं निम्मं उत्तर इथेच मिळतं. घरी फक्त साधं नेलपॉलिश लावणाऱ्याला शुद्ध ॲसिटोनची बाटली ठेवायची काहीच गरज नाही.

बाटलीतली द्रावकं, एकेक करून

ॲसिटोन. याची बदनामी त्याच्या दोषांपेक्षा मोठी आहे. आपल्या शरीरात चरबीचं ज्वलन होताना थोडं ॲसिटोन रोज तयार होतं आणि श्वासातून, लघवीतून बाहेर पडतं. त्यामुळे शरीराला ते परकं नाही. कर्करोगाशी त्याचा संबंध दिसलेला नाही. त्याचे खरे दोष तीन. ते त्वचेतला आणि नखातला तेलकटपणा ओढून घेतं, त्यामुळे नख कोरडं, पांढरट आणि ठिसूळ होतं. ते फार लवकर उडतं, उकळबिंदू अवघा ५६ अंश सेल्सिअस, म्हणून खोलीच्या हवेत त्याचं प्रमाण चटकन वाढतं. आणि ते पेट घेण्यात पटाईत आहे: उणे २० अंशांच्या आसपासही त्याच्या वाफा ठिणगीने पेटू शकतात.

इथाइल ॲसिटेट. ‘ॲसिटोन-फ्री’ बाटल्यांतला मुख्य घटक बहुधा हाच. फळासारखा गोडसर वास असतो. नखाला ॲसिटोनपेक्षा थोडं कमी कोरडं करतं आणि कामही थोडं सावकाश करतं. पण उकळबिंदू ७७ अंश आणि वाफा ठिणगीने पेटू शकतात ते तापमान उणे ४ अंश, म्हणजे आगीच्या बाबतीत दोघं सख्खी भावंडं. वाफेची गोष्ट आकड्यात सांगायची तर अमेरिकेत कामाच्या जागी आठ तासांच्या सरासरीला हवेत किती वाफ चालेल याची ‘ओशा’ या सरकारी संस्थेची मर्यादा पाहा: ॲसिटोनला १००० पीपीएम, इथाइल ॲसिटेटला ४००, मिथाइल इथाइल कीटोनला २००. पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत किती भाग. थोडक्यात, ‘ॲसिटोन-फ्री’ बाटलीतल्या द्रावकाला नियम अधिक कडक आहे. (तिथल्याच ‘नायोश’ या संशोधन संस्थेची ॲसिटोनसाठी शिफारस मात्र २५० पीपीएमची आहे. आपण घरासाठी तीच धरून चालू.)

मिथाइल इथाइल कीटोन, दुसरं नाव ब्युटॅनोन. हेही काही ‘ॲसिटोन-फ्री’ बाटल्यांत सापडतं. ॲसिटोनचंच थोरलं भावंड आणि डोळ्यांना जास्त झोंबणारं. ॲसिटोन टाळून हे घेण्यात काहीच अर्थ नाही.

आयसोप्रोपिल अल्कोहोल. साथीला असतं. एकट्याने सुकलेलं नेलपॉलिश काढण्याची ताकद त्यात फारशी नाही.

प्रोपिलीन कार्बोनेट, डायमिथाइल ग्लुटारेट, डायमिथाइल सक्सिनेट, डायमिथाइल ॲडिपेट, इथाइल लॅक्टेट आणि सोयाबीन तेलापासून केलेलं मिथाइल सोयेट. ‘सौम्य’, ‘वनस्पतीजन्य’, ‘बिनवासाचं’ म्हणून जी रिमूव्हर मिळतात त्यांत ही मंडळी असतात. यांचा मोठा गुण असा की ती हळू उडतात. प्रोपिलीन कार्बोनेटचा उकळबिंदू २४० अंशांच्या पुढे आहे, त्यामुळे नाकात जाणारी वाफ अगदी थोडी आणि आगीची भीतीही फार कमी. दम्याचा त्रास असणाऱ्यांसाठी, वासाने डोकं चढणाऱ्यांसाठी किंवा जिथे खिडकी उघडताच येत नाही अशा जागेसाठी आमची पसंती याच गटाला. पण या गुणातच एक खोड दडलेली आहे. जे उडत नाही ते त्वचेवर राहतं. ॲसिटोन दोन मिनिटांत हवेत निघून जातं, हे जात नाही. काम झाल्यावर साबणाने हात धुणं इथे टाळता येत नाही. धुतले नाहीत तर बोटांवरचं द्रावक डोळ्यांत, तोंडात जातं, आणि वरून लावलेलं नवं पॉलिशही टिकत नाही, दुसऱ्या दिवशी टवके उडतात.

आता ज्यांची नावं दिसली की बाटली परत ठेवायची, ती. ॲसिटोनायट्राइल: कृत्रिम नखांचा गोंद काढायच्या द्रवात हे वापरलं जात असे. पोटात गेलं की शरीरात त्याचं हळूहळू सायनाइड होतं, आणि ‘हळूहळू’ हेच जीवघेणं आहे, कारण गिळल्यानंतर कित्येक तास मूल ठणठणीत दिसू शकतं. १९८८ साली वैद्यकीय नियतकालिकात अशा बालमृत्यूची नोंद झाली. युरोपीय संघात सौंदर्यप्रसाधनांत याला बंदी आहे. एन-मिथाइल पायरोलिडोन, लेबलवर कधी नुसतं एनएमपी: गर्भाला घातक म्हणून वर्गीकृत आणि युरोपीय संघात प्रसाधनांत निषिद्ध. गामा-ब्युटायरोलॅक्टोन: पोटात गेल्यास शरीरात त्याचं गुंगी आणणारं जीएचबी हे द्रव्य बनतं, श्वास मंदावतो. मिथेनॉल आणि टोल्युइन: ही रंगाच्या थिनरमध्ये असतात. म्हणूनच घरात रंगकामाचं थिनर पडलंय तर नखांना चालवू, हा विचार मुळीच नको.

लेबल वाचायची रीत

घटकांची यादी प्रमाणानुसार उतरत्या क्रमाने असते, म्हणजे पहिलं नाव सगळ्यात जास्त. एक टक्क्याहून कमी असलेले घटक शेवटी कोणत्याही क्रमाने येऊ शकतात. त्यामुळे फक्त पहिली तीन-चार नावं वाचा, बाटलीचा स्वभाव तिथेच कळतो. ‘कोरफड’, ‘ई जीवनसत्त्व’, ‘बदाम तेल’ वगैरे बहुधा तळाशी असतात. एखाद्या थेंबाएवढं तेल ॲसिटोनचं कोरडेपण भरून काढत नाही. ग्लिसरीन किंवा एरंडेल पहिल्या चार-पाच नावांत असेल तर मात्र थोडा फरक पडतो, नख कमी पांढरं पडतं.

‘थ्री-फ्री’, ‘फाइव्ह-फ्री’ असे शिक्के रिमूव्हरवर दिसले तर हसून सोडून द्यावं. ते शिक्के मुळात नेलपॉलिशसाठी आहेत: ‘थ्री-फ्री’ म्हणजे डायब्युटाइल थॅलेट, टोल्युइन आणि फॉर्मल्डिहाइड नाही. यांतलं बहुतेक काही रिमूव्हरमध्ये एरवीही घालत नाहीत. ‘नैसर्गिक’ आणि ‘नॉन-टॉक्सिक’ यांचंही तसंच. सोयाबीनचं चित्र छापलेल्या बाटलीत सोयाचा घटक पहिला आहे की पाचवा, हे पाहिल्याशिवाय त्या चित्राला किंमत देऊ नका.

आणि घटकांची यादीच नसेल, सुट्या बाटलीत भरून मिळत असेल, तर घेऊ नका. यात दुसरा विचार नाही.

सुगंध हा शेवटचा मुद्दा. रिमूव्हरमध्ये घातलेलं अत्तर द्रावकाचा वास झाकतं, वाफ कमी करत नाही. उलट वास सुखद म्हणून माणूस तोंड जवळ नेऊन बसतो. ज्यांच्या त्वचेला पटकन खाज येते त्यांच्यासाठी सुगंध हा ॲलर्जीचा आणखी एक रस्ता. बिनसुगंधाचं मिळालं तर तेच.

खोली बाटलीइतकीच महत्त्वाची

हा भाग लोक सर्रास सोडून देतात, म्हणून इथे थोडं गणित. दोन्ही हातांचं पॉलिश काढताना ढिलाईने वापरलं तर १० मिलिलिटर ॲसिटोन सहज संपतं. ते वजनाने सुमारे ७.९ ग्रॅम भरतं आणि पूर्ण उडाल्यावर त्याची साधारण ३.३ लिटर वाफ होते. बाथरूम दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि २.४ मीटर उंच धरलं तर त्यात ७२०० लिटर हवा मावते. दार बंद असेल तर प्रमाण झालं सुमारे ४६० पीपीएम, म्हणजे ‘नायोश’च्या २५० च्या जवळजवळ दुप्पट. तेच काम चार बाय तीन मीटरच्या, तीन मीटर उंच खोलीत केलं तर ९० पीपीएमच्या आसपास. आणि वापर ४ मिलिलिटरवर आणला तर त्या बंद बाथरूममध्येसुद्धा आकडा १८५ वर येतो.

मर्यादा आठ तासांच्या आहेत, तेव्हा पाच-दहा मिनिटांत कुणाला विषबाधा होणार नाही. पण डोकं जड होणं, डोळे चुरचुरणं, घसा खवखवणं हे होतं, आणि ते बहुतेक वेळा बाटलीमुळे नव्हे तर बंद दारामुळे. वापर निम्म्यावर आणला, खिडकी उघडली आणि ओला कापूस लगेच झाकणाच्या डब्यात टाकला, की महागड्या ‘सौम्य’ बाटलीपेक्षा जास्त फरक पडतो.

पंखा लावताना एक बारकावा. वारा तुमच्याकडून खिडकीकडे गेला पाहिजे. पंखा समोर ठेवून हातावरची वाफ स्वतःच्या तोंडावर घेतली तर उपयोग काय? आणि साधा कापडी किंवा सर्जिकल मास्क वाफ अजिबात अडवत नाही, तो धूळ अडवतो. पार्लरमध्ये दिवसभर हे काम करणाऱ्यांनी सक्रिय कोळशाची गाळणी असलेला मास्क वापरावा, शिवाय टेबलाजवळूनच हवा बाहेर ओढणारा पंखा बसवून घ्यावा. नेहमीचे नायट्राइल हातमोजेही ॲसिटोनपुढे फार टिकत नाहीत. ॲसिटोन थोड्याच वेळात आरपार जातं, आणि मग मोजा घामट पिशवीसारखं ते त्वचेला धरून ठेवतो. मोजे वापरायचेच तर चटचट बदला. ब्युटाइल रबराचे मोजे टिकतात, पण जाड असल्याने बारीक कामाला अडचणीचे होतात.

साधं नेलपॉलिश काढायची पद्धत

लागेल ते आधीच हाताशी ठेवा: कॉटन पॅड, एक कापसाची काडी, पेट्रोलियम जेली आणि झाकणाचा छोटा डबा. गॅस, मेणबत्ती, हेअर ड्रायर यांपासून लांब, खिडकीजवळ बसा.

१. नखाभोवतीच्या त्वचेवर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावा. नखावर जेली लागू देऊ नका, नाहीतर रिमूव्हर नीट पोचत नाही. त्वचा कापलेली असेल, सालपटं निघाली असतील तर ही पायरी अजिबात चुकवू नका, चांगलंच झोंबतं.

२. कॉटन पॅडचे चार तुकडे करा. एका नखाला एक तुकडा पुरतो. त्यावर ६ ते ८ थेंब, म्हणजे पाव ते अर्धा मिलिलिटर, एवढंच रिमूव्हर घ्या. थेंब ओघळत असेल तर जास्त झालं. बाटलीचं झाकण लगेच लावा.

३. तुकडा नखावर ठेवून हलका दाबा आणि थांबा. ॲसिटोन असेल तर १० सेकंद, इथाइल ॲसिटेट असेल तर १५ ते २०, सोया किंवा प्रोपिलीन कार्बोनेटचं असेल तर एक ते दोन मिनिटं. घासू नका. या थांबण्यातच सगळं कौशल्य आहे, कारण द्रावकाला पापुद्र्यात शिरायला वेळ लागतो. बहुतेक लोक दोन सेकंदांत घासायला लागतात, रंग नखावर आणि बोटावर पसरतो, मग तो पुसायला आणखी रिमूव्हर लागतं.

४. मुळाकडून टोकाकडे एकाच दिशेने, किंचित दाबून ओढा. पॅडची कोरडी बाजू वर घेऊन एकदा पुन्हा. गडद लाल किंवा काळा रंग असेल तर करंगळीपासून सुरुवात करा आणि प्रत्येक नखाला नवा तुकडा घ्या. रंगलेला तुकडा पुढच्या नखावर फिरवला की तोच रंग त्वचेत मुरतो.

५. कोपऱ्यांत राहिलेला रंग कापसाच्या काडीने काढा. काडी रिमूव्हरमध्ये बुडवण्याऐवजी बाटलीच्या तोंडाशी नुसती टेकवा.

६. साबण आणि कोमट पाण्याने हात धुवा, नखांखालीही. पुसून कोरडे करा आणि नखांना, क्युटिकलला (नखाच्या मुळाशी असलेल्या पातळ त्वचेला) तेल किंवा जाडसर क्रीम चोळा. लगेच नवं पॉलिश लावायचं असेल तर तेल नंतर.

सगळं नीट केलं तर दहा नखांना ३ ते ५ मिलिलिटर पुरतं.

स्पंजच्या डबीत बोट घालून फिरवायचं रिमूव्हर झटपट काम करतं, हे खरं. पण त्यात पूर्ण बोटाचं टोक द्रावकात बुडतं, डबी उघडी असेपर्यंत वाफ येत राहते आणि काही दिवसांनी स्पंज इतका रंगतो की फिकट नखही गुलाबी होऊन बाहेर येतं. आठवड्याला एकदा वापरणाऱ्याला पॅडच बरा.

चमचम असलेलं पॉलिश सगळ्यात हट्टी, कारण चमकीचे कण द्रावकात विरघळतच नाहीत. त्यांना धरून ठेवणारा पापुद्रा पूर्ण सैल झाल्याशिवाय ते हलत नाहीत. इथे घासणं म्हणजे नखावर वाळूचा कागद फिरवणं. ओला तुकडा ठेवून वर ॲल्युमिनियम फॉइलचा छोटा चौकोन गुंडाळा, म्हणजे वाफ आतच राहील आणि कमी द्रवात काम होईल. पाच मिनिटांनी फॉइल बोटासकट दाबून ओढून काढा.

जेल काढताना

जेलला शुद्ध ॲसिटोन लागतं, पण वाटीभर ॲसिटोनमध्ये पाचही बोटं बुडवून बसणं ही सगळ्यात वाईट पद्धत. त्वचा विनाकारण कोरडी होते आणि उघड्या वाटीतून वाफ सतत वर येते. नेम धरून तेवढ्याच जागी लावा.

आधी वरचा चकचकीत थर मध्यम दाण्याच्या कानशीने (तिच्यावर दाण्याचा आकडा १८० च्या आसपास असतो) नुसता निस्तेज होईपर्यंत घासा. हा थर ॲसिटोनला आत जाऊ देत नाही. तो तसाच ठेवला तर पंधरा मिनिटांनीही काही सुटत नाही आणि मग हात खरवडायला सरसावतो. रंगाच्या थरात शिरलात की थांबा, खाली नैसर्गिक नख आहे. त्वचेवर जेली, नखावर नखाच्याच मापाचा कापसाचा तुकडा, त्यावर अर्धा मिलिलिटर ॲसिटोन, वरून फॉइल. १० ते १५ मिनिटं थांबा. एका वेळी एकच हात करा, नाहीतर फोन वाजला की फॉइलची दहा बोटं घेऊन काय करणार!

उघडल्यावर जेल सुरकुतून कडेने उचललेलं दिसलं पाहिजे. लाकडी काडीने हलकं ढकला. जिथे चिकटलंय तिथे जोर लावू नका. तुकडा पुन्हा ओला करून आणखी पाच मिनिटं गुंडाळा. जेल उपटून काढलं की त्याच्यासोबत नखाचे वरचे पापुद्रे येतात, नख पातळ होतं आणि दाबलं की दुखतं. बोटाचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, पूर्ण नवं यायला सहा महिने लागतात. म्हणजे दोन मिनिटांच्या घाईची भरपाई अर्ध्या वर्षाची.

ॲसिटोन गरम केलं तर लवकर काम होतं, असा सल्ला फिरत असतो. मायक्रोवेव्हमध्ये किंवा गॅसवर तर कधीच नाही, वाफा पेट घेतात. हाताची ऊब हवी असेल तर फॉइल गुंडाळलेल्या हातावर कोमट, कोरडा टॉवेल ठेवा, पुरे.

तयार चिकटवलेली नखं काढायला मात्र द्रावकाची घाई नको. कोमट साबणपाण्यात थोडं तेल टाकून हात १५ मिनिटं बुडवा, कडेने लाकडी काडी सरकवा, पुन्हा बुडवा. आणि गोंद सांडला तर कापसाने टिपू नका: सायनोॲक्रिलेट आणि कापूस एकत्र आले की इतकी उष्णता निर्माण होते की चटका बसतो.

घरगुती उपायांपैकी काय चालतं

एक उपाय खरोखर चालतो: जुन्या पॉलिशवर नवं पॉलिश जाडसर लावून ते ओलं असतानाच पुसणं. नव्या पॉलिशमधल्या इथाइल आणि ब्युटाइल ॲसिटेटने जुना थर सैल होतो. रिमूव्हर संपलं असेल तर अडीनडीला ठीक, पण द्रावक तेच असल्याने सुरक्षिततेत काही फायदा नाही. सॅनिटायझर आणि डिओडरंट निम्मंशिम्मं काम करतात आणि त्यासाठी इतकं ओतावं लागतं की सौम्यपणाचा मुद्दाच उरत नाही. टूथपेस्टने घासून निघतं ते विरघळून नव्हे, खरवडून. लिंबू आणि व्हिनेगर कोपऱ्यातला टवकाही हलवत नाहीत.

खरंच द्रावक टाळायचं असेल तर उपाय पॉलिश लावण्याच्या वेळीच करावा लागतो. सोलून निघणारा बेस कोट (पॉलिशखालचा पहिला थर) लावला तर वरचं साधं पॉलिश कोमट पाण्यात हात भिजवून पापुद्र्यासारखं सोलता येतं. टिकतं कमी, दोन-चार दिवस. लहान मुलींच्या हौसेला हाच मार्ग योग्य.

नख काय सांगतं

पॉलिश काढल्यावर खडूसारखे पांढरे चट्टे दिसले तर ती बुरशीच असेल असं नाही. पॉलिश दोन-तीन आठवडे सलग राहिलं की नखाचा वरचा थर रिमूव्हरबरोबर खरवडला जातो, त्याचे हे चट्टे. घासू नका, रोज तेल लावा, काही आठवडे पॉलिशला सुट्टी द्या. पिवळसर डाग हा रंगद्रव्याचा, तो रिमूव्हरने निघत नाही. त्याच्यावर पुन्हा पुन्हा रिमूव्हर चोळणाऱ्याचं नख पिवळं तर राहतंच, वर ठिसूळ होतं. पुढच्या वेळी बेस कोट लावा. नख बोटापासून सुटू लागलं, हिरवट झालं किंवा कडेला सूज येऊन ठणकू लागलं तर मात्र त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. रिमूव्हर आठवड्यातून एकदाहून जास्त वापरू नये, आणि मधल्या काळात टवका उडाला तर तेवढ्यावर रंग लावून वेळ मारून न्यावी.

पोटात, डोळ्यांत, आगीत

बाटली मूळचीच ठेवा. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ओतून ठेवणं हा अपघाताचा सगळ्यात सोपा रस्ता. मुलांना उघडता न येणारं झाकण असलेली बाटली निवडा. कडू चवीचं डेनाटोनियम बेंझोएट घातलेलं असेल तर आणखी चांगलं. मुलाने गिळलं तर ओकारी काढू नका, द्रव फुप्फुसात जाऊ शकतो. तोंड पुसा आणि बाटली सोबत घेऊन लगेच विषबाधा केंद्र किंवा रुग्णालय गाठा. कृत्रिम नखांचा गोंद काढायचा द्रव असेल तर मूल हसतंखेळतं दिसलं तरी थांबू नका. डोळ्यात उडालं तर पापण्या उघड्या धरून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा, लेन्स असेल तर धुता धुता काढा. एरवीही लेन्स हाताळायच्या असतील तर रिमूव्हरनंतर साबणाने हात धुऊनच.

सांडलं तर आधी आसपासची ज्योत विझवा, मग टिपा. वाफ हवेपेक्षा जड असल्याने टेबलावरून खाली उतरून जमिनीलगत पसरते. पॉलिश केलेल्या लाकडावर सांडलं तर पुसू नका, नुसतं टिपा, पुसलं की डाग पसरतो. ॲसिटेटच्या कापडाला भोक पडतं, चष्म्याची प्लॅस्टिकची फ्रेम आणि फोनचं कव्हर पांढरं पडतं, थर्माकोलचा कप तर बघता बघता बसतो. उरलेलं रिमूव्हर मोरीत ओतू नका, घातक कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या. रंगलेला कापूस घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा बांधलेल्या पिशवीत घालून त्याच दिवशी घराबाहेरच्या कचऱ्यात टाका. झोपायच्या खोलीतल्या उघड्या टोपलीत तो रात्रभर वास सोडत राहतो.